खात्यात जमा झालेला आहेर

पासपोर्टचं पाकीट हातात घेतलं की आत व्हिसा आहे का नाही, ते मला न फोडता कळतं. व्हिसा मिळाला असेल तर पाकिटात नुसता पासपोर्ट असतो. नाकारला असेल तर सोबत घडी घातलेला एक कागद असतो आणि तो बोटांना लागतो. त्या दिवशी फर्दापूरच्या साळव्यांची दोन पाकिटं आली आणि दोन्हींत कागद लागला.

"कुणाचं आलं?" सतीश सरांनी केबिनमधून विचारलं. सतीश सर म्हणजे आमचे मालक.

"फर्दापूर. नवरा-बायको, दोघांचंही रिफ्यूज."

"अरेरे. फोन करून टाक त्यांना. व्हिसाची फी परत मिळत नाही हे आधी सांग, नाहीतर मग भांडत बसतात."

मी लगेच फोन केला नाही. मला आधी तो कागद वाचायचा होता. खरं तर मला कुणाशी तरी भांडायचं होतं, पण कॉन्सुलेटशी भांडता येत नाही. तिथं फोन लावला की मशीन बोलतं.

मी छत्रपती संभाजीनगरात एका टूर कंपनीच्या व्हिसा डेस्कवर काम करते. बावीस वर्षं झाली. काम सांगायला सोपं आहे. तुम्हाला दुसऱ्या देशात जायचं असेल तर त्या देशाला तीन गोष्टी पटवाव्या लागतात. तुम्ही कशाला येताय, तुमच्याकडे खर्चाला पैसे आहेत का, आणि तुम्ही परत जाल का. हे पटवणारे कागद गोळा करायचे, नीट लावायचे आणि फाईल पाठवायची. पहिल्या दोन गोष्टी कशाबशा कागदावर दाखवता येतात. तिसरी माणसाच्या मनातली असते. ती दाखवायची म्हणून आम्ही लोकांकडे घराचा उतारा मागतो, धंद्याचं लायसन्स मागतो, मुलं-नातवंडं कुठं आहेत ते विचारतो. साळव्यांना कोणत्या देशात जायचं होतं ते मी इथं लिहीत नाही. उद्या मला पुन्हा तिथंच फाईल टाकायची आहे.

कौसल्याबाई आणि उत्तमराव साळवे यांची फर्दापूरला खाणावळ आहे, अजिंठ्याच्या लेण्यांकडे वळतात त्या रस्त्याला. पिठलं-भाकरी, शेवभाजी, आणि परदेशी पाहुण्यांसाठी कमी तिखटाची डाळ. तीस वर्षं कौसल्याबाई चुलीपुढे आहेत आणि तीस वर्षं उत्तमराव गल्ल्यावर. जगाच्या कानाकोपऱ्यातली माणसं त्यांच्या बाकड्यांवर जेवून गेलीत. मुलगा सिल्लोडला शाळेत शिक्षक आहे, मुलीचं लग्न झालंय. सगळं मार्गी लागल्यावर दोघं एक दिवस आमच्या ऑफिसात आले. खुर्चीवर टेकता टेकताच बाई म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला फिरायला जायचंय. भाईरदेशी."

कुठं, ते त्यांचं ठरलेलं होतं. मी विचारलं, "तिथंच का?"

"तिथली माणसं लई येतेत आमच्याकडं. चांगली हायेत. ताट पुसून खातेत. त्यांचं गाव कसं असतंय, ते बघायचंय."

उत्तमराव म्हणाले, "हिचं तेवढंच म्हणणं हाय. बाकी काय नाय."

ते गेल्यावर सतीश सरांनी मला विचारलं, "यांना परवडणार आहे का?" हा प्रश्न त्यांनी मोठ्या गाडीतून उतरलेल्या माणसाबद्दल कधी विचारलेला मी ऐकला नाही. त्या गाडीवर किती हप्ते बाकी आहेत, हेही कधी विचारलेलं नाही. मी हिशेब करून दाखवला. ग्रुप टूरचा दोघांचा मिळून खर्च त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या मांडव-जेवणावळीपेक्षा कमी होता. मांडव घालताना कुणीही विचारलं नव्हतं, परवडतं का.

आणि फाईल तर अशी होती की मी नवीन मुलींना नमुना म्हणून दाखवावी. खाणावळीचं लायसन्स दोघांच्या नावावर. घर स्वतःचं. एफडी आहे. मुलगा मास्तर असल्यामुळे आयकराचे रिटर्नही तीन वर्षांचे भरलेले. आमच्याकडे चांगले बागायतदार येतात, पन्नास एकरवाले, पण रिटर्न नसतो. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून कागद नाही, म्हणून व्हिसा देणाऱ्या साहेबाच्या लेखी तो माणूस कफल्लक. साळव्यांचं तसं नव्हतं.

बोटांचे ठसे द्यायला दोघांना मुंबईला जावं लागलं. एसटीचं भाडं, राहण्याचं भाडं, खाणावळ दोन दिवस बंद. तिथं यंत्रावर बाईंची बोटं काही उमटेनात. तीस वर्षं भाकऱ्या थापून रेषा राहतात कुठं? काउंटरवरची मुलगी म्हणाली, बोटं पुसा. बाईंनी पुसली. परत पुसा. शेवटी कसेबसे ठसे उमटले. हे मला उत्तमरावांनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्या देशातला माणूस अजिंठा बघायला यायचा म्हटला तर घरी सोफ्यावर बसून अर्ज भरतो आणि त्याला ई-मेलवर आपला व्हिसा येतो. त्याची बोटं पुसायला त्याला कुणी चारशे किलोमीटर बोलावत नाही.

एवढं करून हा कागद. मी वाचला. छापील कारणांच्या यादीत दोन ठिकाणी खूण होती. एक, प्रवासाचा उद्देश पटत नाही. दुसरी, बँक खात्यातल्या रकमांचा स्रोत स्पष्ट होत नाही.

दुसरी खूण वाचून मी चक्रावले. मी पाहिलेलं स्टेटमेंट आरशासारखं स्वच्छ होतं. मग लक्षात आलं. मुंबईच्या व्हिसा सेंटरला ताजं स्टेटमेंट लागतं, म्हणून मुलानं मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी बँकेतून नवीन काढून परस्पर फाईलला लावलं होतं. ते मी मागवून घेतलं. जुन्या महिन्यांत सगळं ठीक. रोजचा खाणावळीचा गल्ला, गॅसचं बिल, किराणा. आणि शेवटच्या पंधरवड्यात नुसता पाऊस. पाचशे एक. अडीचशे एक. अकराशे. एकशे एक. परत पाचशे एक. प्रत्येक रक्कम वेगळ्या माणसाकडून. मध्येच एका दिवशी रोख पन्नास हजार.

आमच्या धंद्यात याला फंड पार्किंग म्हणतात. म्हणजे खात्यात पैसे नसताना व्हिसापुरते दुसऱ्याचे आणून ठेवायचे आणि काम झालं की परत करायचे. कॉन्सुलेटचा साहेब पहिली हीच गोष्ट शोधतो. आणि इथं तर ऐन अर्जाच्या तोंडावर अर्ध्या गावानं पैसे आणून टाकल्यासारखं दिसत होतं.

मी फोन लावला. "मावशी, व्हिसा नाकारलाय." पलीकडून तव्याचा आवाज तेवढा येत होता. मी विचारलं, "तुमच्या खात्यात एवढे पैसे कुणी टाकले?"

"कुणी म्हंजी? लोकांनी टाकले. आहेर हाय त्यो."

"कसला आहेर?"

"अवो, आम्ही विमानानं चाललो ना. मग लोक आहेर करणार का नाय?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बस धरून फर्दापूरला गेले. सरांना सांगितलं नाही.

खाणावळीत शिरायच्या आधीच मला चौकात फ्लेक्स दिसला. चांगला दोन माणसं उंच. वर विमान. खाली कौसल्याबाई आणि उत्तमराव, दोघांचे पासपोर्टसाठी काढलेले फोटो मोठे करून लावलेले, त्यामुळे दोघंही रागावल्यासारखे दिसत होते. 'परदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' आमदाराला लावतात तसा. व्हिसाचा पत्ता नाही आणि गावात दौऱ्याचा बोर्ड! मला तिथंच डोक्याला हात लावावासा वाटला.

बाईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. चौकातल्या पोरांनी फ्लेक्स लावला. तो बघून लोक भेटायला यायला लागले. आपल्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की रिकाम्या हातानं निरोप देत नाहीत. पूर्वी ओटीत नारळ आणि पाकीट पडायचं. आता खाणावळीच्या भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलाय. लोक चहा पिता पिता मोबाईल काढत आणि म्हणत, घ्या मावशी, तिकडं काहीतरी खा आमच्या नावानं. लेण्यांजवळ रंगीत दगड विकणारे सय्यदचाचा, रिक्षावाले, गाईड, विहारातलं महिला मंडळ. आणि ते रोख पन्नास हजार सिल्लोडच्या भावाचे. कापूस विकल्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी नि पैसे, हातात आली तसा तो थेट बँकेत गेला होता.

"भाऊ म्हनला, तुझ्या चोळीचे हायेत," बाई म्हणाल्या. "मी म्हनलं, येवढी महाग चोळी कुठं असती का? तर म्हनला, पह्यल्यांदा कुणीतरी आपल्यातलं चाललंय, गुमान घे."

मग त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आहेर घेतला हे चुकलं का आमचं?"

बावीस वर्षांत मला कुणी एवढं टोचलेलं नाही. त्या बाईला सगळ्या गावानं लेकीसारखं पाठवायचं ठरवलं होतं, आणि मी तिला समजावत होते की हे संशयास्पद आहे. मी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही मावशी."

उत्तमराव गल्ल्यावरून म्हणाले, "आता गावात तोंड कसं दाखवायचं सांगा. लोक विचारतेत, कधी निघता. काय सांगू? आम्हाला चोर समजून हाकललं म्हणू?"

फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांचे फोटो होते, ओळीनं, नावांसकट. आपल्याकडच्या कुठल्याही फ्लेक्सवर असतात तसे. मी पाणी पिता पिता दारातून तिकडेच बघत होते. अचानक उठले, स्टेटमेंट घेऊन बाहेर गेले आणि चौकात उभी राहून नावं लावायला लागले. सय्यदचाचा फ्लेक्सवर होते, स्टेटमेंटमध्येही होते. रिक्षा युनियनचा अध्यक्ष होता. महिला मंडळ होतं. भाऊ तर फेटा बांधून मधोमध. ज्यांनी ज्यांनी पैसे टाकले त्यातले जवळजवळ सगळे तिथं हसत हात जोडून उभे होते. माझी वेड्या बाईसारखी चाललेली धडपड बघून चार पोरं गोळा झाली. मी त्यांनाच फोटो काढायला लावले.

सोमवारी मी सतीश सरांपुढे सगळं मांडलं. नवीन अर्ज करायचा, आहेर म्हणजे काय ते पत्रात साध्या शब्दांत लिहायचं, भावाच्या कापसाची पट्टी लावायची आणि फ्लेक्सचा फोटो भाषांतरासकट जोडायचा.

सर हसले. "कॉन्सुलेटला फ्लेक्स पाठवणार? आपलं हसं होईल."

"होऊ दे."

"अगं, सोपं करून सांगतो. एक माणूस आहे माझ्या ओळखीचा. खात्यात रक्कम ठेवतो, सहा महिने हलवत नाही. कमिशन घेतो. सहा महिन्यांनी स्टेटमेंट काढायचं, एकदम क्लीन. तू विसरलीस का, मागच्या महिन्यात तो प्लॉटिंगवाल्याचा मुलगा गेला तो कसा गेला?"

विसरले नव्हते. ती फाईल माझ्या हातात आली तेव्हा मी ती परत केली होती, सरांनी ती दुसऱ्या टेबलावरून पाठवली. त्या मुलाच्या खात्यात स्वतःचा रुपया नव्हता. स्टेटमेंट मात्र देखणं. त्याला व्हिसा चार दिवसांत मिळाला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. भाड्याचा पैसा सहा महिने गप्प पडून राहतो म्हणून तो खरा, आणि माणसांनी हौसेनं दिलेला पैसा एकदम येतो म्हणून तो खोटा.

मी म्हणाले, "सर, ती बाई खरं बोलतेय. तिला खोटं बोलायला मी शिकवणार नाही."

"मग फी तिच्याकडून पुन्हा घे. कंपनी देणार नाही. आणि त्यांचा ग्रुप काय थांबणार नाहीये."

ग्रुप थांबला नाहीच. साळव्यांच्या दोन सीट सोडून तो निघून गेला. पुढच्या ग्रुपचं विमानाचं भाडं वाढलेलं होतं. व्हिसाची फी दोघांची पुन्हा भरावी लागली. पहिली फी का गेली, तर एका साहेबाला आहेर माहीत नव्हता. ज्याला माहीत नाही त्याचे काही पैसे गेले नाहीत, ज्यांना माहीत होतं त्यांचे गेले. हा कुठला न्याय, ते मला कुणी सांगावं. बोटांचे ठसे तेवढे आधीचेच चालले.

उत्तमराव नको म्हणत होते. बाईंनी फी भरली.

दहाएक दिवसांनी भर दुपारी बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. "ताई, त्यांचा फोन आलता. मी कायतरी बोलून बसले. आता पार गेलं बघा."

कॉन्सुलेटवाले कधी कधी अर्जदाराला थेट फोन करून पडताळणी करतात. नेमका जेवणाच्या गर्दीत आला होता. पलीकडे हिंदी बोलणारी कुणी बाई होती. तिनं नाव विचारलं, धंदा विचारला, भावाचं नाव विचारलं. कौसल्याबाईंनी नीट उत्तरं दिली. मग तिनं विचारलं, आपको वहाँ क्यों जाना है? बाई म्हणाल्या, घूमने. ती म्हणाली, लेकिन क्यों? तिथं तुमचं कुणी नाही, काही काम नाही, भाषा येत नाही. मग कशाला?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"माझ्या हातात भाकर होती ओ ताई. डोकं फिरलं. मी म्हनलं, आपके मुलुक के लोगां तीस साल से हमारे यहाँ खाना खा रे. उनका भी यहाँ कोई नहीं. उनको भी हमारी बोली नहीं आती. मैंने कभी किसी को नहीं पूछा, कायको आये. पहले पानी दिया."

"मग?"

"मग तिनं ठेवला फोन."

मी त्यांना धीर दिला, पण मलाही वाटलं, संपलं. व्हिसाच्या मुलाखतीत उलटा प्रश्न करायचा नसतो. हे आम्ही लोकांना पढवून पाठवतो. मान खाली, उत्तर थोडं, आवाज गोड. आपल्याच पैशानं जायचं आणि वर अपराध्यासारखं उभं राहायचं. मी स्वतः हे शेकडो लोकांना शिकवलंय, पगार त्याचाच घेते. त्या दुपारी मला त्या पगाराचा राग आला.

पुढच्या आठवड्यात पाकिटं आली. मी उचलली. बोटांना कागद लागला नाही. तरी विश्वास बसेना म्हणून फोडून पाहिलं. दोन्ही पासपोर्टांत व्हिसा होता. टूरच्या दिवसांचा मोजून मापून, एक दिवस जास्त नाही.

सतीश सर म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, धीर धरला की होतं."

फोन केला. "मावशी, झालं. मिळाला."

मला वाटलं त्या ओरडतील, गल्ल्याकडे हाक मारतील. बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "खरं?" मग विचारलं, "ताई, मग आता सांगितलं तर चालंल का कुणाला?"

"सांगा की. बिनधास्त सांगा. आता कुणाच्या बापाला भीत नाही आपण."

"नगं. विमान उडू द्या आधी."

त्यांनी खरोखर कुणाला सांगितलं नाही. भावालासुद्धा नाही. 'पुण्याला लेकीकडं चाललो' असं सांगून दोघं बॅगा घेऊन साध्या बसनं निघाले. ज्या गावानं त्यांना वाजतगाजत पाठवायचं ठरवलं होतं, त्या गावातून ते चोरासारखे गेले. आठ दिवसांनी परत आले, लोकांना फोटो दाखवले, लोक रुसले, मग हसले. भाऊ अजून थोडा रागावलेला आहे. टूर कशी झाली विचारलं तर बाई म्हणाल्या, लई चांगली झाली, गाव स्वच्छ हाय, पण पाणी कुणी विचारत नाय.

आमच्या कंपनीच्या माहिती देण्याच्या कार्यक्रमांत मला लोक विचारतात, मॅडम, साध्या माणसाला परदेश प्रवास परवडतो का? पैशाचं म्हणाल तर परवडतो. आधी बुकिंग करा, ग्रुपमध्ये जा, खरेदीचा मोह आवरा, लग्नातला एक मांडव कमी घाला. हे मी सांगते आणि ते खरं आहे. पण साळव्यांच्या प्रकरणानंतर फर्दापूर, सिल्लोड, दौलताबाद, कुठूनही कुणी साधं माणूस फाईल घेऊन आलं की कागद मागायच्या आधी मला एक सूचना द्यावी लागते. व्हिसा लागेपर्यंत कुणाला सांगू नका, आणि कुणी प्रेमानं काही दिलं तर घेऊ नका. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला मी हे सांगते, आणि तो मुकाट्यानं मान हलवतो. माझी तळपायाची आग मस्तकात जाते ती तिथं.